दहा रुपयांचा कुत्रा आणि दहा वर्षांची अट

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड विधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या वेळच्या गदारोळात एका लहानशा बदलाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १८६० च्या दंड विधानातील कलम ४२८ नुसार दहा रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचा प्राणी मारणे, त्याला विष घालणे वा जायबंदी करणे ही शिक्षापात्र 'आगळीक' होती. पुढच्या कलम ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, गाय, बैल यांचा नावाने उल्लेख होता. त्यांची किंमत कितीही असो, शिक्षा मोठी. उरलेल्या प्राण्यांना त्या कलमाचे संरक्षण हवे असेल, तर त्यांची किंमत निदान पन्नास रुपये असावी लागे. कुत्र्याचे नाव दोन्ही कलमांत कुठेच नव्हते. नव्या संहितेच्या कलम ३२५ ने रुपयांची ही अट काढून टाकली.

प्राण्याचे मोल त्याच्या बाजारभावाने ठरवायचे, ही दृष्टी अशा रीतीने फौजदारी कायद्यातून मावळली. पण ती आणखी एका ठिकाणी आजही टिकून आहे, आणि ते ठिकाण म्हणजे विमा. घरातल्या दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्यासाठी परवडणारा आणि भरवशाचा विमा शोधू लागणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे वय उलटून गेले. मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची झडप, पोटातली गाठ, झिजलेले सांधे ही सारी दुखणी ज्या वयात येतात, नेमके त्याच वयात विम्याचे दार बंद झालेले असते. ही वयाची अट कुठून आली? ती निसर्गाने घातलेली आहे की इतिहासाने? याचे उत्तर शोधताना गणित, पशुवैद्यक आणि कायदा या तिन्हींच्या इतिहासातून जावे लागते.

आरंभ माणसांपासून करावा लागेल. १६६२ साली जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास करून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एकट्यादुकट्याचा मृत्यू अनिश्चित असला, तरी हजारो मृत्यू एकत्र मांडले की त्यांत नियमितता दिसते, हे त्याने दाखवून दिले. १६९३ मध्ये एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून अधिक काटेकोर जीवनसारणी रचली. अमुक वयाच्या शंभर जणांपैकी पुढच्या वर्षी किती जण उरतील, हे तीवरून सांगता येऊ लागले. १७६२ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने या विचाराच्या आधारे वयानुसार हप्ता आकारण्याची पद्धत रूढ केली. म्हातारपण हा विम्याच्या आड येणारा अडथळा नाही. सारणी हाती असेल तर त्याची किंमत काढता येते, हा त्या शतकाचा मोठा शोध होता.

सारणी हाती नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १८१८ साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही कंपनी निघाली, ती प्रामुख्याने युरोपीय लोकांसाठी. पुढे भारतीयांचे विमे उतरवले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई, कारण भारतीय आयुष्य 'कमी भरवशाचे' मानले जात होते. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा देण्यास सुरुवात केली. ज्याच्याविषयी पुरेशा नोंदी नाहीत, त्याच्याबाबत विमा व्यवसाय दोनच मार्ग जाणतो: दर वाढवायचा किंवा दार लावायचे. वृद्ध कुत्र्याची आजची स्थिती याच नियमाने समजते.

प्राण्यांचा विमा मात्र वेगळ्या मुळातून उगवला. त्याच्या मागे जीवनसारणी नव्हती, बुळकांडी होती. गुराढोरांच्या या साथीने अठराव्या शतकातील युरोप पुन्हा पुन्हा हादरला. १७१४ मध्ये ती इंग्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा राजवैद्य टॉमस बेट्स याने आजारी गुरे मारून जाळावीत आणि मालकाला प्रत्येक गाईमागे चाळीस शिलिंग भरपाई द्यावी, असा उपाय योजला. भरपाई मिळणार असेल तर शेतकरी रोग लपवणार नाही, हे त्याने ओळखले होते. भरपाई ही केवळ दया नसते, ती माहिती बाहेर आणण्याचे साधनही असते, हा यातला धडा पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे. याच साथींच्या पार्श्वभूमीवर १७६१ मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे क्लोद बूर्जला याच्या पुढाकाराने पहिले पशुवैद्यक विद्यालय स्थापन झाले. भारतात १८८९ साली पुण्यात सुरू झालेली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, म्हणजे आजच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचे मूळ रूप, हीसुद्धा गुरांच्या साथींनी दिलेल्या तडाख्यांतूनच जन्मली.

या परंपरेत जनावर ही मालमत्ता होती. ते मेले तर त्याचा बाजारभाव मिळायचा. गाय आटली, बैल थकला की भाव उतरायचा आणि विम्याची रक्कमही उतरायची. भारतात १९७३ पासून सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला आणि त्या दशकात शेतकऱ्यांच्या कर्जाला जोडून गुरांचा विमा खेडोपाडी पोहोचला. जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर दावा नाही, हा त्याचा कडक दंडक. कारण उघड आहे. मेलेली म्हैस विमा उतरवलेलीच होती, हे सिद्ध कसे करायचे? ओळख पटवण्याचा हा प्रश्न जुना आहे. १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या पीटरसन यांनी गुरांच्या नाकाचा ठसा माणसाच्या बोटाच्या ठशासारखा ओळखीसाठी वापरता येतो, असे दाखवले. कुत्र्याच्या नाकाचा ठसाही असाच ज्याचा त्याचा वेगळा असतो. आज कातडीखाली बसवली जाणारी तांदळाएवढी मायक्रोचिप तेच काम करते.

कुत्रा विम्यात शिरला तो या गोठ्याच्या दारातून. स्वीडनमध्ये १८९० साली घोडे व गुरे यांच्यासाठी सुरू झालेल्या विमा संस्थेने, आजच्या अग्रियाने, १९२४ मध्ये पहिल्या कुत्र्याचा विमा उतरवला. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्याचे पहिले विमापत्र १९४७ मध्ये दिले गेले. या काळात पशुवैद्यक झपाट्याने बदलत होते. भूल, क्ष-किरण, प्रतिजैविके, पुढे सोनोग्राफी आणि कर्करोगावरील औषधे ही माणसांसाठीची साधने प्राण्यांच्या दवाखान्यात पोहोचली. त्यासरशी विम्याचा अर्थच पालटला. आता प्रश्न कुत्रा मेल्यास काय मिळेल हा नव्हता. तो जगवण्यासाठी पैसा कुठून येईल, हा होता.

अमेरिकेतील पशुवैद्य जॅक स्टीफन्स यांनी स्वतः सांगितलेली हकीकत या बदलाचा गाभा दाखवते. उपचार परवडत नाहीत म्हणून एका कुटुंबाच्या कुत्र्याला त्यांना दयामरण द्यावे लागले होते. पुढे एका दुकानात त्या घरातल्या लहान मुलीने आपल्या कुत्र्याला मारणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले. स्टीफन्स यांनी इतर पशुवैद्यांना सोबत घेऊन विमा कंपनी उभारली आणि १९८२ मध्ये तिचे पहिले विमापत्र दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध कुत्री लॅसी हिच्या नावे निघाले. उपाय माहीत आहे, औषध उपलब्ध आहे, आणि तरीही केवळ पैशाअभावी जीव सोडावा लागतो, या प्रसंगासाठी हा विमा जन्मला.

पण जुनी दृष्टी नव्या विम्यातही राहून गेली. मालमत्तेच्या हिशेबात म्हातारा कुत्रा नकोसा, कारण त्याची किंमत कमी. उपचारांच्या हिशेबात तो पुन्हा नकोसा, कारण त्याचा खर्च जास्त. परस्परविरुद्ध दिशांनी आलेल्या दोन तर्कांनी त्याला एकाच उंबरठ्याबाहेर ठेवले.

यात तिसरे कारण अर्थशास्त्राचे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. २००१ च्या नोबेल पुरस्कारामागे त्याचा मोठा वाटा होता. त्या निबंधातले विम्याचे उदाहरण मात्र फार थोड्यांना आठवते. पासष्ट वर्षांपुढील माणसांना आरोग्य विमा मिळणे इतके अवघड का, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. आपल्या प्रकृतीची जाण विकत घेणाऱ्याला विमा कंपनीपेक्षा अधिक असते. हप्ता वाढवला की निरोगी माणसे बाहेर पडतात, आजारी तेवढी उरतात, मग हप्ता आणखी वाढतो. शेवटी बाजारच उरत नाही. कुत्र्याच्या बाबतीत हेच घडते. रात्री खोकणारा, जिना चढताना थांबणारा कुत्रा ज्याच्या घरी आहे, तोच अकराव्या वर्षी विम्याच्या चौकशीला निघतो.

या साऱ्याचा विज्ञानाशी संबंध काय, हे स्वीडनच्या उदाहरणावरून कळते. दवाखान्यात येणारे कुत्रे मोजून रोगाचे प्रमाण काढता येत नाही, कारण घरी निरोगी असलेले किती, हे ठाऊक नसते. विमा कंपनीला मात्र आजारी आणि निरोगी दोन्ही माहीत असतात. ब्रेंडा बॉनेट, अग्नेता एगेनवॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट हेरली. १९९५ ते २००० या काळातील साडेतीन लाखांहून अधिक विमाधारक कुत्र्यांचा त्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा लाखांहून अधिक 'श्वानवर्षांच्या' या नोंदींतून कोणती जात कोणत्या कारणाने, कोणत्या वयात मरते, हे प्रथमच एवढ्या विस्ताराने समोर आले. टॉमस बेट्सच्या चाळीस शिलिंगांसारखेच हे होते: भरपाई दिली की नोंद मिळते.

मात्र त्या अभ्यासाला एक मर्यादा होती. त्यात फक्त दहा वर्षांपर्यंतचे कुत्रे होते. विम्याची खिडकी जिथे बंद झाली, तिथे विज्ञानाची दृष्टीही थांबली. आणि नोंदी नाहीत म्हणून विम्याची खिडकी पुढे सरकत नाही. हे दुष्टचक्र हाच या इतिहासाचा खरा निष्कर्ष आहे. वयाची अट ही कुत्र्याच्या शरीराने घातलेली सीमा नाही. बाजारभावाची जुनी सवय आणि नोंदींचा अभाव यांनी मिळून ती आखलेली आहे.

गेल्या काही वर्षांत हे चक्र भेदण्याचे प्रयत्न दिसू लागले आहेत. कॉर्नेलिया क्राउस यांच्या गटाने २०१३ मध्ये ७४ जातींच्या नोंदी तपासून मोठ्या जातींचे कुत्रे लवकर मरतात ते मुख्यतः झपाट्याने वृद्ध होतात म्हणून, असे दाखवले. २०२० मध्ये सॅन डिएगो येथील शास्त्रज्ञांनी १०४ लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या डीएनएवरील मिथाइल खुणांचा अभ्यास केला. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा सरधोपट गुणाकार त्यात टिकला नाही. कुत्रा सुरुवातीला फार वेगाने आणि पुढे हळूहळू वयस्क होतो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतील ३०,५६३ मृत्यूंवरून तिथल्या कुत्र्यांची पहिली तपशीलवार जीवनसारणी तयार झाली. हॅलीने माणसांसाठी केलेले काम कुत्र्यांपर्यंत पोहोचायला सव्वातीनशे वर्षे लागली. २०२४ मध्ये ब्रिटनमधील ५,८४,७३४ कुत्र्यांच्या नोंदींवरून त्यांच्या आयुष्याचा मध्यक १२.५ वर्षे निघाला. म्हणजे निम्मे कुत्रे त्याहून अधिक जगतात.

आता भारताकडे वळू. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांकडे कुत्र्यांचा विमा पूर्वीपासून आहे, पण त्याचा पिंड पशुधन विम्याचा, म्हणजे मृत्यूनंतर भरपाईचा. २०२० मध्ये बजाज अलियान्झने कुत्र्यांसाठी शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचार समाविष्ट असलेला विमा आणला. त्यात देशी आणि संकरित कुत्र्यांनाही स्थान होते, ही मोठी गोष्ट. पण आरंभी जाहीर झालेल्या अटींनुसार प्रवेशाचे वय महाकाय जातींसाठी चार आणि इतरांसाठी सात वर्षांपर्यंत होते, आणि संरक्षण अनुक्रमे सहाव्या व दहाव्या वर्षी संपत होते. ब्रिटनचा १२.५ वर्षांचा आकडा शेजारी ठेवला की उणीव दिसते. याउलट माणसांच्या आरोग्य विम्यात नव्याने प्रवेश घेण्यासाठी असलेली ६५ वर्षांची प्रचलित वयोमर्यादा नियामकाने २०२४ मध्ये दूर केली.

आपल्या कुत्र्यांची जीवनसारणी नाही, हे या उणिवेचे मूळ आहे. २०१९ च्या पशुगणनेने सुमारे १.५३ कोटी भटके कुत्रे मोजले, पण ते किती वर्षे जगतात, कशाने मरतात, हे गणना सांगत नाही. राजापलयम, चिप्पीपराई आणि मुधोळ या भारतीय जातींची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे अधिकृत नोंद झाली, तीही अलीकडेच. घराघरांत वाढणाऱ्या गावठी कुत्र्याच्या आयुष्याचा अंदाज लॅब्रॅडोरच्या किंवा ब्रिटनच्या आकड्यांवरून बांधणे म्हणजे ब्रेस्लाऊच्या सारणीवरून मुंबईचा हप्ता ठरवण्यासारखे आहे.

हा इतिहास ध्यानात घेतला, तर आज घरात वृद्ध कुत्रा असलेल्याने निवड कशी करावी, हेही स्पष्ट होते. प्रवेशाचे वय आणि नूतनीकरणाचे कमाल वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम पाहावे. कुत्रा सहा वर्षांचा असेल तर निर्णय आज घ्यायचा आहे, आठव्या वर्षी नव्हे. आणि एकदा घेतलेल्या विम्यात खंड पडू देऊ नये. विमापत्र मृत्यूचे आहे की उपचारांचे, हे त्यानंतर तपासावे. म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरी मृत्यूनंतर मिळणाऱ्या बाजारभावाचा उपयोग थोडा, शस्त्रक्रियेच्या आणि दीर्घ आजाराच्या खर्चाचा मोठा. आधीपासूनचे आजार वगळलेले आहेत का, प्रतीक्षा काळ किती, एका आजारामागे खर्चाची मर्यादा काय, खर्चातला किती हिस्सा आपण सोसायचा, या चार प्रश्नांची उत्तरे जाहिरातीतून नव्हे, विमापत्राच्या मजकुरातून लेखी मिळवावीत. भरवसा तिथेच कळतो.

परवडण्याचा हिशेब साधा आहे. समजा, शंभर कुत्र्यांपैकी वीस आजारी पडतात आणि प्रत्येकाला तीस हजार रुपये लागतात. एकूण खर्च सहा लाख. म्हणजे कंपनीचा कारभार व नफा सोडून प्रत्येकी सहा हजारांचा हप्ता. वय वाढून पन्नास आजारी पडू लागले, तर तोच हप्ता पंधरा हजार होतो. जोखीम जितकी निश्चित होत जाते, तितका विमा बचतीसारखा होत जातो. म्हणून वाढत्या वयात हप्ता विम्याच्या रकमेच्या निम्म्याजवळ पोहोचला असेल, तर तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकणे बहुधा अधिक शहाणपणाचे. त्या निधीला पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांची आणि जुन्या धर्मादाय संस्थांची जोड देता येते. मुंबईच्या परळ भागातील, १८८३ पासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हे त्यांतले एक नामवंत उदाहरण. कुत्रा चावल्यास तिऱ्हाइताला द्यावयाच्या भरपाईचे संरक्षण मात्र मिळत असेल तर घ्यावे, कारण तो खर्च खरोखर अनपेक्षित असतो.

आणि एक गोष्ट विमा मिळो न मिळो, प्रत्येकाला करता येण्याजोगी आहे. मायक्रोचिप बसवावी, आणि जन्माची निदान अंदाजी तारीख, दरवर्षीचे वजन, लसी, रक्ताच्या तपासण्या, झालेले आजार यांची एक वही ठेवावी. दाव्याच्या वेळी तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. पण तिचे मोल त्याहून मोठे आहे. ग्राँटला लंडनच्या याद्या मिळाल्या, हॅलीला ब्रेस्लाऊच्या नोंदी मिळाल्या, म्हणून माणसाच्या म्हातारपणाचा हिशेब मांडता आला. भारतीय कुत्र्याची जीवनसारणी जेव्हा केव्हा तयार होईल, तेव्हा तिला अशाच नोंदी लागतील. अकराव्या वर्षी दारात पहुडलेल्या कुत्र्याच्या शेवटच्या आजाराची तारीख आणि कारण कुणीतरी लिहून ठेवले असेल, तर पुढच्या पिढीतल्या एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्यापुढे ते दार थोडे अधिक उघडे राहील.